मेणकापडी कोट

"आता पाठीवर ओततोय. हलू नको हां," म्हणत शिवानं कळशी उचलली आणि राहीच्या खांद्यांवर सगळी उपडी केली.

वैशाखातली सकाळ होती. मिरजोळ्याच्या वरच्या वाडीत अंगणाला लागूनच कातळ होता आणि त्यावरून येणारी झळ आतापासूनच तोंडाला लागत होती. अशा उन्हात राही गुडघ्यापर्यंत लांब काळा कोट घालून, गळ्याशी बटण लावून उभी होती. पाणी कोटावरून घरंगळत खाली आलं आणि मातीत जिरून गेलं. पडवीत गोधडीवर पडलेल्या तान्ह्या चिमानं तो आवाज ऐकून पाय झाडले.

"आतून कोरडी हायस?" शिवानं विचारलं.

"हाय."

"खरां सांग. हात घालून बघ."

राहीनं गळ्यातून हात आत घातला. चोळी पिळून निघाली असती, पण ती घामानं. पाण्याचा थेंबही आत आलेला नव्हता. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोरडी हाय."

शिवाची आई आवडाबाई पडवीत बसून रातांबे फोडत होती. तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. ती मान वर न करता म्हणाली, "बैल धुतात तशी बायकोला काय धुतंस रे?"

"आये, ह्यो मेणकापडाचा कोट हाय. बोटीवरचे खलाशी घालतात तसला."

"खलाशी भात लावतात काय?"

"भात नाय लावत. पन पावसात उभे ऱ्हातात."

"उभे ऱ्हातात ना? मंग." आवडाबाईनं पुढचा रातांबा घेतला.

शिवा हसला. तो त्या दिवसांत सारखाच हसायचा आणि राहीला त्याचीच भीती वाटायची.

सहा वर्षांचा असताना तो थोरल्या भावाबरोबर, केरूबरोबर, आगबोटीत बसला होता. त्यानंतर गावात यायचा तो शिमग्याला आणि गणपतीला, सगळे चाकरमानी येतात तसा. शिमग्याला शेतं भाजून काळी झालेली असत आणि गणपतीला भात कमरेला लागत असे. मधले महिने दर्या खवळलेला, बोटी बंद. त्या महिन्यांतलं गाव शिवानं कळत्या वयात कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्याजवळ होती ती लहानपणची एक आठवण. आई इरलं घेऊन चिखलात वाकलेली आहे, आणि तिची हाक आली तरी तोंड दिसत नाही.

इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांची, पळसाच्या पानांनी शाकारलेली मोठी ढाल. डोक्यावरून पाठीवर घ्यायची आणि वाकायचं. हात मोकळे राहतात, पाऊस पाठीवरून निथळून जातो. वाडीतल्या प्रत्येक बाईचं एक असायचंच. शिवाला ते बघवत नसे. "आमच्या बायका पावसाळाभर खेकड्यासारख्या," तो म्हणायचा. "मान वर करायची सोय नाय."

तो कामाला होता त्या गिरणीचा मोठा संप झाला तेव्हा पोटासाठी तो गोदीत ओझी उचलायला जायचा. तिथं भर पावसात डेकवर उभे असलेले खलाशी त्यानं पाहिले. अंगात चकचकीत कोट, पाणी ओघळतंय आणि माणूस ताठ. तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. चाळीतल्या शिंप्याकडे बसून तो टाके शिकला. खलाशांना विचारून विचारून तेलाची कृती मिळवली. अळशीचं तेल कढवायचं, त्यात राळ विरघळवायची, काजळ घालायचं, कापडाला हात द्यायचा, वाळवायचं, पुन्हा हात द्यायचा. शिमग्याला इतर चाकरमानी पातळं आणि खाऊ घेऊन उतरले, शिवा मांजरपाटाचा तागा खांद्यावर घेऊन. आवडाबाईनं ताग्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोन मेला?"

तो गिरणीतून आला तेव्हा त्याच्या छातीत पिंजारी कापूस पिंजतो तसा आवाज यायचा. राही रोज पहाटे चिमाला पाजताना तो ऐकायची. पाडव्यानंतर तो विरत गेला. रातांब्याच्या दिवसांत एका सकाळी तिनं कान दिला आणि काही ऐकू आलं नाही, तेव्हा ती इतकी घाबरली की तिनं त्याच्या नाकाशी बोट धरून पाहिलं. शिवा शांत झोपला होता.

केरूचा निरोप मात्र येऊन ठेपला होता. गिरणीत त्याच्यासाठी जागा धरून ठेवली आहे. नारळी पौर्णिमेला दर्या उघडला की पहिल्या बोटीनं ये. शिवानं उलट सांगून पाठवलं, कोट चालले तर येणार नाही. नाही चालले तर येतो.

चालतील, असं राही स्वतःला सांगत असे. कोरडं राहणं कुणाला नको असतं?

कोट शिवून पडवीतल्या दांडीवर लागले तशी शिवानं राहीलाच पुढं केलं. "बायकांना बायकांनी दाखवलेलां बरां," तो म्हणाला, पण स्वतःही विहिरीपर्यंत मागं मागं आलाच. विहिरीवर शेजारची सखू होती. तिचा बाबू चिमाहून थोडाच मोठा, कडेवर चिकटलेला. आणि ठमाबाई होती. वाडीत लावणीला कुणाचं शेत कधी घ्यायचं ते तीच ठरवायची.

ठमाबाईनं कोट दोन बोटांत धरून नाकाशी नेला. "वास कसला रे, शिवा?"

"अळशीच्या तेलाचा."

"माज्या म्हशीला पोट फुगून आफरा झाला की पाजतंय मी अळशीचां तेल. तसाच वास."

सखू पदराआड हसली. "भावजी, ह्यो घालून मी मुकादमासारकी दिसन. मंग माजा नवरा मला घाबरंल काय?"

"आताच काय कमी घाबरतो?" ठमाबाई म्हणाली. "पन काळा नको होता बाय. आषाढात, भातात, काळां काय घालायचां?"

"बाकी बरा हाय ना?" शिवानं विचारलं.

"बरा हाय की. चांगला हाय. बघू."

शिवा घरी आला तो त्याच आनंदात. लोकांनी कारणं सांगितली होती आणि कारणं म्हणजे दुरुस्त करता येण्याजोगी गोष्ट. त्यानं कोट धुपाच्या धुरावर टांगले, वाऱ्यावर टांगले, निरगुडीचा पाला जाळून त्यावर धरले. नवीन कापडाला काजळाऐवजी काव दिली. कोट वाडीच्याच तांबड्या मातीच्या रंगाचे झाले. मग तो पुन्हा विहिरीवर गेला.

"आता वास नाय," सखू म्हणाली.

"रंग पन झाक," ठमाबाई म्हणाली. "चिखल दिसायचा नाय. जल्लां बटानां कशी लावायची रे ओल्या हातानं?"

शिवानं बटणांजागी बंद लावले. मग कुणी म्हणालं, गळ्याशी टोचतं. त्यानं गळा मोठा केला. कुणी म्हणालं, वाकल्यावर पुढून ओढतं. त्यानं कोट आडवा टाकून मागून चुण्या घातल्या. प्रत्येक वेळी बायकांनी कोट हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, प्रत्येक वेळी तो आधीहून बरा झाल्याचं सांगितलं आणि प्रत्येक वेळी कळशा उचलून त्या आपापल्या घरी गेल्या.

त्या खोटं बोलत होत्या असं नव्हे. राहीनं स्वतःला विचारलं, मला आवडला का? आवडला होता. नवऱ्याच्या हाताचे टाके होते, एकसारखे, मुंगीच्या रांगेसारखे. मग लावणीच्या दिवसांचा विचार मनात आला की आपण आपल्यालाच कोटात का दिसत नाही? दुधाची वेळ झाली की ती चिमाला घेऊन बसायची आणि दांडीवरच्या कोटांकडे बघत राहायची. कोट वाऱ्यानं हलायचे, आत माणसं असल्यासारखे. तिला ते बघवेना, तरी नजर तिकडेच जायची.

एका दुपारी शिवा रत्नागिरीच्या बाजाराला गेलेला पाहून तिनं एक कोट काढला आणि सखूच्या घरी नेला.

"घे. तुला ठेव."

"अगो, माज्याकडं आता..."

"काय द्यायचां नाय. फुकट घे. फक्त घाल."

सखूनं कोट घेतला. तिचं तोंड अवघडल्यासारखं झालं. "घालीन," ती म्हणाली. "घालीन की गो."

पाऊस लागला. चार सरी झाल्या आणि राही सखूच्या परसातून येत होती, तर तो कोट शेणींच्या रचलेल्या ढिगावर पसरलेला होता. कडांवर दगड ठेवले होते. राही तिथंच उभी राहिली. तेवढ्यात सखू दारात आली.

"शेनी पार कोरड्या ऱ्हायल्या हां," सखू घाईघाईनं म्हणाली. "एक पन भिजली नाय. भावजींना सांगू नको."

राहीनं सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून शिवा त्या बाजूला निघाला की ती काहीतरी काम काढून त्याला दुसरीकडे धाडायची. फुकट दिलेला कोटही जर कुणी अंगाला लावत नसेल तर पुढं काय, हा विचार तिला भाकरी थापताना यायचा, चिमाचं अंग पुसताना यायचा, आणि ती मध्येच थांबून नवऱ्याच्या छातीचा कानोसा घ्यायची.

मग तिनं ठरवलं की आपणच घालायचा. एकीनं दिवसभर घातला, कोरडी राहिली, की बाकीच्या बघतील.

त्या दिवशी ठमाबाईच्या शेतात लावणी होती. वाडी एकमेकींच्या शेतावर आळीपाळीनं जायची. राही चिमाला गुंडाळून दाराशी आली. भिंतीला तिचं इरलं उभं होतं, खुंटीला कोट. शिवा नांगर खांद्यावर घेऊन अंगणात थांबला होता. तो नुसता बघत होता. राहीनं कोट अंगात घातला. शिवा वळला आणि पुढं चालू लागला. त्याच्या चालण्यावरूनच राहीला समजलं की तो हसतो आहे.

शेतात पोचल्यावर ती बांधाशी थबकली.

बांधावर इरली मांडलेली होती. वाऱ्याकडे पाठ करून, जमिनीला टेकवलेली, कासवं बसावीत तशी. प्रत्येक इरल्याखाली एकेक पोर. कुणी झोपलेलं, कुणी मूठ चोखत. त्यांच्या आया डोक्यावर गोणपाट घेऊन चिखलात उतरल्या होत्या. दरवर्षी हे असंच असायचं. राहीनं लग्न होऊन आल्यापासून हे पाहिलं होतं, पण तेव्हा तिच्या कडेवर कुणी नव्हतं.

"अगो, इरलां कुठं तुजां?" सखूनं विचारलं. मग तिचं लक्ष कोटाकडे गेलं. "बरां, माज्या बाबूच्या बाजूला टाक तिला. मावतील दोगां."

राहीनं चिमाला बाबूशेजारी ठेवलं. दोघं एकमेकांकडे बघू लागली. ती खाली उतरली आणि रोपांची मूठ हातात घेतली. पाऊस भुरभुर होता. पाठ कोरडी होती. पलीकडच्या खाचरात शिवा बैलांनी चिखलणी करत होता, त्याला ती दिसत असावी. ती मुद्दाम एकदा ताठ उभी राहिली आणि मान मागं टाकली. ठमाबाई म्हणाली, "राहीबाय, आमी लावतोय तोवर तू वारा खा." बायका हसल्या, राहीही हसली.

मग वारा फिरला. सर आडवी आली. राहीनं पाहिलं तर चिमा इरल्याच्या बाहेर होती. ती नुकतीच पालथी पडायला शिकली होती आणि बाबूच्या लाथांनी सरकत सरकत तिचं डोकं पावसात आलं होतं. राही बांधावर चढली. तिनं चिमाला आत घातलं तर बाबू बाहेर यायला लागला. दोघं रडू लागली.

मग तिनं कोट काढला. बांधावर कुडाच्या काठ्या पडल्या होत्या, त्या दोन्ही बाजूंना रोवल्या, त्यावर कोट पसरला, बाह्या दगडांखाली दाबल्या आणि चिमाला आत ठेवलं. आत अंधार झाला, चिमा गप्प झाली. ते छोटं घर बघून राहीला बरं वाटलं. कोट कामाला आला होता. ती भिजतच खाली उतरली.

लावणी करताना मागं मागं जायचं असतं. राही बांधापासून लांब लांब जात होती, पण तोंड बांधाकडेच होतं. रोप खोचलं की मान वर, रोप खोचलं की मान वर. पाऊस इतका वाढला की बांधावरची इरली धुरकट दिसू लागली. तिनं मोजल्यासारखी एकेक पाहिली. सखूचं. पलीकडचं. त्याच्या पलीकडचं. आणि कोट उभा नव्हता.

ती धावली. चिखलातून धावता येत नाही. पाय रुततो, निघतो, पुन्हा रुततो. पलीकडून शिवानं बैल तसेच सोडले होते आणि तोही बांध तुडवत येत होता.

कोट जमिनीला लागला होता. पाणी आत एक थेंबही गेलं नव्हतं. सगळं वर साचलं होतं. मधे खोलगट डबकं झालं होतं, त्याच्या भारानं काठ्या मोडल्या होत्या आणि ते डबकं चिमाच्या अंगावर बसलं होतं. राहीनं कोट ओढला. पाणी ओसंडून तिच्या पायांवर आलं. चिमाचं तोंड उघडं होतं, ओठ जांभळे, आणि आवाज नव्हता.

राहीनं तिला उचलून खांद्यावर घातलं, पाठीवर थापट्या मारल्या. शिवा पोचला होता. तो हात पुढं करून उभा होता आणि त्या हातांचं काय करायचं ते त्याला समजत नव्हतं.

चिमानं श्वास घेतला. मग ती रडली. बराच वेळ रडली. सगळ्या बायका कमरेवर हात ठेवून ते रडणं ऐकत राहिल्या, आणि ते नीट चाललं आहे याची खात्री पटल्यावर सखूनं वाकून पुढची मूठ उचलली.

ठमाबाईनं आपलं इरलं डोक्यावरून काढलं आणि बांधावर टेकवलं. "ठेव हिला यात. मला काय, मी म्हातारी, भिजलां तर वाळंन."

शिवा त्या इरल्याकडे बघत होता. मग शेजारच्या, मग त्याच्या पलीकडच्या. बांधाच्या टोकापर्यंत त्याची नजर गेली आणि परत आली.

"ह्यां मला कोनी सांगितलां नाय," तो म्हणाला.

"काय सांगायचां?" ठमाबाईला खरंच कळलं नव्हतं.

"इरलां पोरांसाठी असतां म्हनून."

"त्यात काय सांगायचां, शिवा? इरल्याखाली पोर ठेवतात ह्यां काय सांगायची गोष्ट हाय?" ती थोडी थांबली. "इरलां आपल्या कामट्यांवर उभां ऱ्हातां. तुज्या कोटाला उभां ऱ्हायला आत मानूस लागतां."

आवडाबाई रोपं उपटायला पार दुसऱ्या टोकाला होती, ती आता येऊन पोचली. तिनं नातीच्या कपाळाला हात लावला, पायाला लावला. मग मुलाकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "तू पन असाच वाढलास. ह्याच बांधावर. माजां तोंड दिसायचां नाय म्हनतंस ना? इरलां तुज्यावर होतां, माज्यावर नाय. तू इरल्याखालनां बाहेर यायचास, मी ढकलून आत घालायची."

शिवानं कोट उचलला, झटकला, बांधावरच त्याची घडी घातली, आणि घडी काखेत धरून बैलांकडे गेला.

त्यानंतर तो कोटांबद्दल बोलला नाही. दुसऱ्यांच्या शेतात चिखलणी केली, बैलांना पाला आणला, जेवला, झोपला. एकदा ताटावर बसल्यावर म्हणाला, "नारळी पुनव जवळ आली. केरूदादाला सांगून धाडतो, पैल्या बोटीनं येतो म्हनून."

आवडाबाईनं भाताची वाढणी पुन्हा टोपात ठेवली. राहीनं "बरां" म्हटलं. तिनं आधी स्वतःलाच दोषी धरलं, मग त्याला, मग विहिरीवरच्या सगळ्यांना, आणि शेवटी कुणाचाच राग येईना. एवढं सगळं त्यानं आपल्यासाठी केलं, आणि आपल्याला नेमकं काय लागतं ते आपल्यालाही माहीत नव्हतं. चिमा कोटाखाली सापडल्यावर माहीत झालं. हे ती त्याला सांगू पाहायची, पण तो समोर आला की "पानी ठेवू अंघोळीला?" एवढंच तोंडातून निघायचं.

पहाटे पाऊस थांबलेला असला की ती कान द्यायची. छाती अजून शांत होती. गिरणीत गेल्यावर ती किती दिवस शांत राहील, याचा हिशेब तिला करवत नव्हता.

एका दुपारी सखू आली. पावसानं उसंत घेतली होती, पागोळ्या ठिबकत होत्या. तिच्या एका हातात इरलं होतं. वादळानं पानं उडून नुसत्या कामट्या राहिल्या होत्या. दुसऱ्या हातात तो कोट, घडी घातलेला. शिवा पडवीत सुंभ वळत बसला होता.

"भावजी, एक काम होतां."

"बोल."

"ह्यो कोट उसवून द्याल काय? कापड सगळां एकसंद करून ह्या कामट्यांवर तानून शिवलां तर... पानां आता कुठली मिळनार? आनि मिळाली तरी पुढच्या वर्षाला ऱ्हात नाय." ती एका दमात बोलली आणि मग घाबरून राहीकडे बघू लागली. "कामट्या असल्यावर पानी साचायचां नाय ना? उतार असतो."

शिवानं सुंभ खाली ठेवला. कोट घेतला, उलगडला आणि नाकाशी नेला.

"ह्याला शेनाचा वास कसला?"

राहीचे हात चिमाच्या अंगावर थांबले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "शेनींवर घातला होता तिनं," ती म्हणाली. "मीच दिला होता तिला. फुकट."

शिवा कोटाकडे बघत राहिला. राहीला वाटलं आता तो उठून आत जाईल.

"शेनी कोरड्या ऱ्हायल्या?" त्यानं विचारलं.

"पार खडखडीत," सखू म्हणाली.

शिवाच्या ओठांचा कोपरा हलला. त्यानं इरलं मांडीवर घेतलं, कामट्यांवरून हात फिरवला, वाकवून पाहिल्या. मग आईला हाक मारून विळा मागितला आणि कोटाच्या खांद्याच्या शिवणीत पात्याचं टोक घातलं. पहिला टाका तुटायला वेळ लागला, मजबूत होता. बाही सुटली, गळा सुटला, मागच्या चुण्या सुटल्या. सखू उंबऱ्यावर बसून बघत होती. काही वेळानं शिवानं कापड कामट्यांवर ताणलं, कडेनं दाभणानं शिवून घेतलं आणि इरलं जमिनीला टेकवलं. त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी दोन्ही बाजूंनी निघून गेलं.

सखू इरलं डोक्यावर घेऊन गेली. अंगणाच्या कडेला पोचल्यावर तिनं ते उगाचच एकदा काढलं, आतून पाहिलं आणि पुन्हा घेतलं.

राहीनं चिमाला गोधडीवर ठेवलं. विळा आत न्यावा म्हणून ती उठली, तर शिवानं तो दिला नाही. तो दांडीपाशी गेला आणि पुढचा कोट काढला. कावेचा, बंदांचा, मोठ्या गळ्याचा, त्यानं सगळ्यांत मन लावून शिवलेला. त्याच्यासाठी कुणी आलं नव्हतं, कुणी काही मागितलं नव्हतं. बोटीचा विषय तिच्या ओठांशी आला, पण तिनं तो बाहेर येऊ दिला नाही.

"ह्यां टोक धर," शिवा म्हणाला. "सैल सोडू नको. शिवन तानलेली असली की कापडाला इजा होत नाय."

राही समोर बसली आणि तिनं कोटाची कड दोन्ही मुठींत घट्ट धरली. शिवानं पातं लावलं. त्याच्या हाताचे बारीक, एकसारखे टाके एकेक करून सुटत गेले, आणि दोघांच्या मधलं कापड रुंद होत गेलं.